वसईच्या आई-बाबांना घेऊन लिस्बन: काय पाहावं, किती दिवस ठेवावेत?

सुरुचि_म

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या मध्यावर आई-बाबांना घेऊन लिस्बनला जायचं घाटतंय, त्यासाठी हा धागा.

बाबा वसईत इतिहास शिकवायचे. शाळेतल्या मुलांना किल्ल्यात नेऊन पडक्या चर्चच्या जमिनीतले थडग्यांचे दगड दाखवायचे, त्यावरची पोर्तुगीज नावं आणि सालं वाचून घ्यायचे. ज्यांनी हा किल्ला बांधला त्यांचं गाव एकदा बघायचंय, एवढंच त्यांचं मागणं आहे. आई इतिहासात फार रमत नाही, पण नदी, बाग, बाजार दिला की खूश. ती शाकाहारी आहे (अंडं चालतं) आणि गुडघ्यांमुळे चढ-उतार जपूनच करावा लागतो.

दोन-तीन प्रवास कंपन्यांना विचारलं. सगळीकडे लिस्बन म्हणजे स्पेनच्या सहलीच्या शेपटाला जोडलेला दीड दिवस. त्यात बसमधून मनोरा, बसमधून चौक, एक गोड पदार्थ आणि विमानतळ. एवढ्यासाठी बाबांना इतक्या लांब न्यायचं माझ्या जिवावर येतं. म्हणून स्वतःच आखायचं म्हणते.

किती दिवस ठेवावेत? राहायचं कुठे? आणि वसई-मुंबई-गोव्याशी खरोखर नातं सांगणारं तिथे नेमकं काय बघायला मिळतं? कुणी गेलेलं, राहिलेलं असेल तर सविस्तर लिहा.

फिरस्ता_सातारा

लिस्बन सुंदर आहे, पण लहान आहे. दोन दिवसांत मुख्य गोष्टी होतात. उरलेल्या दिवसांत पोर्तू आणि सेविया करा. एवढा व्हिसाचा खर्च करायचा आणि एकाच शहरात बसून राहायचं, हे मला तरी पटत नाही. आई-बाबांना परत कधी न्यायला जमेल सांगता येत नाही, मग जास्तीत जास्त दाखवा.

नदीपलीकडे

मी लिस्बनच्या समोरच्या काठावर, आल्मादात राहतो आणि रोज बोटीने कामाला शहरात येतो. फिरस्ता, तुमचा मुद्दा तरुण माणसाला लागू आहे. गुडघे दुखणाऱ्या आईला आणि प्रत्येक दगडापाशी थांबणाऱ्या बाबांना दोन दिवसांत लिस्बन दाखवणं म्हणजे दोघांचीही दमछाक. सुरुचि, सलग पाच-सहा रात्री इथेच राहा. पोर्तू पुढच्या वेळी.

आधी शहराची ठेवण समजून घ्या, म्हणजे आखणी सोपी होईल. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये असताना इथे भूकंप झाला. मागोमाग टेगस नदीच्या मुखातून त्सुनामीच्या लाटा आल्या आणि सणाच्या मेणबत्त्या-चुलींनी लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. नदीकाठचा राजवाडा गेला. त्याच्या शेजारी कासा दा इंदिया होती, म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी. तीही गेली. आज तिथे प्रासा दू कोमेर्सियू हा मोठा चौक आहे. जुने लोक त्याला अजून 'तेरेरू दू पासू', राजवाड्याचं पटांगण, म्हणतात.

त्यामुळे आज तीन वेगळी शहरं दिसतात. मधल्या सखल भागात बायशा, भूकंपानंतर मार्केस द पोंबाल या मंत्र्याने सरळ रेषेत आखून बांधलेली. तिथल्या इमारतींच्या भिंतींत लाकडी पिंजरा असतो, धक्का बसला तर भिंत डोलावी पण कोसळू नये म्हणून. पूर्वेच्या टेकडीवर अल्फामा, मूरांच्या काळापासूनच्या गल्लीबोळांची, जी भूकंपात बरीचशी तगली. आणि पश्चिमेला नदीच्या कडेने बेलें, जिथून जहाजं निघायची. एका दिवशी एकच भाग घ्या.

राहण्याबद्दल: अल्फामातली घरं फोटोत गोड दिसतात, पण बॅगा घेऊन पायऱ्या चढाव्या लागतात आणि लिफ्ट क्वचित असते. आईंसाठी बायशात किंवा आव्हेनिदाच्या आसपास, मेट्रोजवळ, लिफ्ट असलेलं हॉटेल बघा. 'लिफ्ट आहे का, आणि ती तळमजल्यापासून आहे का' हे लेखी विचारून घ्या; जुन्या इमारतींत पहिल्या मजल्यापर्यंत पायऱ्या आणि मग लिफ्ट असा प्रकार असतो. शहराचा पर्यटन कर माणशी रात्रीला ४ युरो आहे, तो बहुतेकदा तिथेच द्यावा लागतो.

चढ टाळायच्या इथल्या लोकांच्या युक्त्या सांगतो. बायशा-शियादू मेट्रो स्टेशनचं एक तोंड खाली बायशात आणि दुसरं वर शियादूत उघडतं. मधे लांबलचक सरकते जिने आहेत. म्हणजे अख्खी टेकडी न चालता चढून होते. किल्ल्याच्या बाजूला रुआ दुश फांकेरुश या रस्त्यावर एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. तिने वर गेलात की थोडं चालून दुसरी लिफ्ट. किंवा प्रासा दा फिगेइराहून ७३७ नंबरची छोटी बस थेट सांव जोर्ज किल्ल्याच्या दारात सोडते. सांता जुश्ता या १९०२ च्या लोखंडी लिफ्टला मात्र तासभर रांग लावू नका. कार्मूच्या पडक्या मठाच्या मागून चालत तिच्या वरच्या पुलापाशी पोचता येतं.

आणि बूट. इथले पदपथ पांढऱ्या-काळ्या चुनखडीच्या लहान चौकोनी दगडांचे आहेत, वर्षानुवर्षं पाय लागून गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की घसरतात. आईंना चपला, सँडल नकोत. रबरी तळव्याचे बूट घ्या आणि घरून घालून रुळवून आणा.

अवनी_ठाणे

नदीपलीकडे, २८ नंबरच्या ट्रामबद्दल सांगाल का? सगळीकडे तिचेच फोटो असतात.

नदीपलीकडे

ट्राम खरंच छान आहे, लाकडी बाकांची, अल्फामाच्या गल्लीतून भिंतींना घासत जाते. पण दिवसा तिच्यात उभं राहायलाही जागा नसते आणि खिसेकापूंचं ते आवडतं ठिकाण आहे. जायचंच असेल तर सकाळी लवकर, मार्तिं मोनिझच्या सुरुवातीच्या थांब्यावरून किंवा दुसऱ्या टोकाहून, कांपू द ओरीक बाजूने. पाकीट पुढच्या खिशात, पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत. तिकीट ट्राममध्ये काढलं तर महाग पडतं. मेट्रो स्टेशनवर प्रत्येकाचं वेगळं नाव्हेगांत कार्ड घ्या. एका कार्डावर तिघं चालत नाहीत.

टेकडी चढणाऱ्या दोरखंडाच्या गाड्यांबद्दल: सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लोरिया मार्गावरच्या गाडीचा मोठा अपघात झाला, १६ माणसं गेली. इथे त्याचा धक्का अजून ताजा आहे. त्यानंतर शहरातल्या अशा सगळ्या गाड्या तपासणीसाठी थांबवल्या होत्या. तुमच्या आखणीत त्या धरूच नका.

मांडवीकाठ

मी पणजीची. माझे आजोबा लिस्बनला शिकायला गेले होते आणि आमच्या घरात त्या शहराचं नाव रोज निघायचं. सुरुचिताई, तुमच्या बाबांसाठी बेलेंपासून सुरुवात करा.

जेरोनिमुश मठाचं बांधकाम १५०१ मध्ये सुरू झालं, मानुएल राजाच्या काळात. पैसा मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून आला. म्हणजे मलबारची मिरी त्या खांबांत आहे. खांबांवर दोरखंडाच्या गाठी, पोवळी, समुद्री वनस्पती कोरल्यात. चर्चमध्ये शिरल्यावर डाव्या-उजव्या हाताला दोन कबरी आहेत: वास्कु द गामा आणि कवी कामोंइश, जो कित्येक वर्षं गोव्यात राहिला होता. गामा १५२४ मध्ये कोचीला वारला, तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरला गेला, नंतर अवशेष पोर्तुगालला आणले गेले आणि १८८० मध्ये या मठात. पण तिथेच थांबू नका, पुढे मुख्य वेदीकडे जा. मानुएल आणि पुढच्या जुआंव राजाच्या कबरी संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवल्या आहेत. मी ते हत्ती पाहिले तेव्हा मला गामाच्या कबरीपेक्षा जास्त काही कळलं. राजाला मेल्यावरही आपल्याखाली हिंदुस्थान हवा होता.

मग नदीकाठच्या बेलें मनोऱ्याकडे. पश्चिम बाजूच्या टेहळणीच्या घुमटीखाली गेंड्याचं मुंडकं कोरलंय, झिजलेलं, नीट बघावं लागतं. त्याची गोष्ट बाबांना नक्की आवडेल. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने हा गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर आफोंसु द आल्बुकेर्कला भेट पाठवला, गोव्याहून तो जहाजात चढवला गेला आणि २० मे १५१५ ला लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी पाहिलेला नव्हता. राजाने राजवाड्याच्या आवारात त्याला हत्तीसमोर उभं केलं, तर हत्ती पळाला. नंतर तो पोपला भेट म्हणून निघाला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून मेला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याला न बघता, नुसत्या वर्णनावरून आणि कच्च्या रेखाटनावरून काढलेलं चित्र पुढे दोन-अडीचशे वर्षं युरोपात गेंड्याचं खरं रूप म्हणून चाललं. मनोरा २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद केला होता, तेव्हा जायच्या आधी बघून घ्या. गेंडा बाहेरूनही दिसतो.

शहरात परतल्यावर कासा दुश बीकुश बघा. हिऱ्यासारख्या टोकदार दगडांची भिंत असलेलं घर. ते आल्बुकेर्कच्या मुलाने १५२३ च्या सुमारास बांधलं. ज्या बापाने १५१० मध्ये गोवा घेतला त्याच्या मुलाचं घर! आता तिथे लेखक जुझे सारामागूच्या नावाची संस्था आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्याच्या अस्थी आहेत.

फिरस्ता_सातारा

मांडवीकाठ, माहिती उत्तम. पण मला एक प्रश्न खरोखर पडतो. ज्यांनी वसईची, गोव्याची देवळं पाडली त्यांची स्मारकं आपण हौसेने बघायला का जायचं? चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा किती माणसं पडली, ते आठवलं की गामाच्या कबरीसमोर उभं राहायला मन होत नाही.

मांडवीकाठ

फिरस्तादादा, प्रश्न रास्त आहे आणि माझ्या घरातच तो दोन्ही बाजूंनी विचारला जायचा. माझं उत्तर असं की बघायला जावं आणि सगळं बघावं. जे मिरवतात ते आणि जे मिरवत नाहीत तेही.

रोसियू चौकात उत्तरेला दोना मारिया हे नाट्यगृह आहे. त्याच जागी इन्क्विझिशनचा वाडा होता. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत जे धर्मन्यायालय चाललं त्याचं मूळ घर ते. बाजूलाच सांव दोमिंगुश चर्च आहे. १९५९ च्या आगीत ते आतून जळालं आणि दुरुस्त करताना काळवंडलेले, तडकलेले खांब तसेच ठेवले. दारासमोरच्या चौकात १५०६ मध्ये बाटवलेल्या ज्यूंची कत्तल झाली, त्याची आठवण म्हणून दगड बसवलाय. तिथे पाच मिनिटं बसा. मी जेरोनिमुशपेक्षा तिथे जास्त वेळ बसले होते.

आणि कार्मूचा चौक. २५ एप्रिल १९७४ ला सैनिकांनी हुकूमशाही उलथली, लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोवली, आणि पंतप्रधान काएतानू याच चौकातल्या लष्करी ठाण्यात शरण आला. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, पण लिस्बनने ते तेरा वर्षं मान्य केलं नाही. या क्रांतीनंतर, डिसेंबर १९७४ च्या करारात मान्य केलं. आमच्या आजोबांचे अडकलेले कागद त्यानंतर सुटले. म्हणून तो चौक मला आमचाही वाटतो.

कागदवेडा

वाचत होतो, आता राहवत नाही.

सुरुचि, मुंबईकरांसाठी लिस्बनमध्ये एक कबर आहे आणि तिथे आपल्याकडचं कुणी जात नाही. अल्फामाच्या वरच्या अंगाला सांव विसेंत द फोरा मठ. तिथे ब्रागांसा राजघराण्याचं दफनस्थान आहे आणि त्यात कातारिना द ब्रागांसा आहे. १६६१ च्या विवाह-करारात तिच्या हुंड्यात मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिलं गेलं, ती हीच. विधवा झाल्यावर ती लिस्बनला परतली आणि १७०५ मध्ये वारली. आपण शाळेत 'मुंबई हुंड्यात दिली' असं एका ओळीत वाचतो. त्या बाईचं थडगं समोर बघताना ती ओळ जड होते. वसईच्या माणसाला तर आणखी, कारण मुंबई तेव्हा वसईच्या अमलाखालीच होती आणि हे बेट सोडायला इथले पोर्तुगीज अधिकारी अजिबात राजी नव्हते.

त्याच मठात निळ्या-पांढऱ्या फरशांवर प्राण्यांच्या बोधकथा चितारल्या आहेत, आईंना त्या आवडतील. गच्चीवरून नदी दिसते. मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर मागच्या मैदानात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, फेरा दा लाद्रा. म्हणजे बाबांना राणी, आईंना बाजार.

बाबांना कागदांची आवड असेल तर तोर्रे दू तोंबू हे राष्ट्रीय अभिलेखागार विद्यापीठाच्या परिसरात आहे. हा संग्रह १७५५ पर्यंत किल्ल्याच्या एका बुरुजात होता. बुरुज कोसळला, पण मानुएल दा माया या वृद्ध अभियंत्याने ढिगाऱ्यातून कागद बाहेर काढले आणि तंबूत ठेवून वाचवले. कासा दा इंदियाचे कागद मात्र गेले. आपल्या इतिहासातल्या कितीतरी प्रश्नांची उत्तरं त्या एका सकाळी बुडाली, याचं मला कायम वाईट वाटतं. गोव्याचे 'मोन्सून'चे दप्तर, पावसाळी वाऱ्यांवर जाणाऱ्या जहाजांबरोबरचा पत्रव्यवहार, मुख्यतः पणजीत आहे आणि काही भाग लिस्बनला. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या दप्तरावर आयुष्य घालवलं म्हणून आज आपल्याला पोर्तुगीज-मराठे संबंधांबद्दल धड काही सांगता येतं. कागद हाताळायचे असतील तर आधी ईमेल करून वाचककार्डाची चौकशी करा.

सुरुचि_म

सगळ्यांचे मनापासून आभार. सांव विसेंतबद्दल बाबांना फोनवर सांगितलं, ते काही वेळ बोललेच नाहीत, मग म्हणाले 'तिथे पहिल्या दिवशी जाऊ'.

आता आईचा प्रश्न: जेवणाचं कसं? आणि सिंत्राला जावं का?

पोळपाट_लाटणं

जेवणाचं मी सांगते, माझी नणंद तिथे असते आणि आम्ही घरातले सगळे शाकाहारी.

पोर्तुगीज खानावळीत मासे आणि मांस हेच मुख्य. पण सूप जवळजवळ सगळीकडे मिळतं आणि पोटभरीचं असतं. 'काल्दु वेर्द' हे पालेभाजी-बटाट्याचं सूप शाकाहारी दिसतं, पण वर सॉसेजचा काप टाकतात, आणि कधी रस्साही मांसाचा असतो. 'सें कार्न, सें पेश' (मांस नको, मासे नकोत) हे वाक्य कागदावर लिहून ठेवा आणि दाखवा. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्यावं, कुणी वाईट वाटून घेत नाही.

आपल्या जेवणासाठी मार्तिं मोनिझच्या आजूबाजूला या. भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकानं एकाला एक लागून आहेत. डाळी, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, सगळं. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर आईंना एक वेळ खिचडी करता येईल. लुमियार भागात राधाकृष्णाचं मोठं मंदिर आहे, मोझांबिकहून आलेल्या गुजराती कुटुंबांनी उभं केलेलं. मेट्रोने जाता येतं.

गोडात पाश्तेल द नाता: अंड्याच्या बलकाचं भरलेलं, वरून करपवलेलं. बेलेंच्या मठाजवळचं १८३७ पासूनचं दुकान प्रसिद्ध आहे. बाहेरची रांग बघून घाबरू नका, ती बांधून नेणाऱ्यांची असते. आत बसायला मोठमोठी दालनं आहेत. दालचिनीची पूड वरून भुरभुरून खा. दालचिनी कुठून आली ते बाबा सांगतीलच.

नदीपलीकडे

सिंत्राला जा, पण मंगळवार ते शुक्रवार, आणि एकच राजवाडा. रोसियू स्टेशनहून लोकल, साधारण चाळीस मिनिटं. (स्टेशनची घोड्याच्या नालेसारखी दारं बघा, १८९० ची.) सगळे जण पेना राजवाड्याकडे पळतात. तिथलं तिकीट वेळेचं असतं आणि ती वेळ राजवाड्याच्या दारातली, बागेच्या फाटकातली नव्हे. फाटकापासून वर चढायला चांगला वेळ लागतो. आईंसाठी मी मोन्सेराट सुचवेन. गर्दी कमी, मोठी बाग, उतार सौम्य.

कागदवेडा

मोन्सेराटला माझं अनुमोदन, पण वेगळ्या कारणाने. त्या बागेत एक भारतीय कमान उभी आहे. १८५७ नंतर लॉर्ड कॅनिंगकडून मालक फ्रान्सिस कुकने विकत घेतलेली. बागेत फुलं बघताना अचानक ती समोर येते.

आणि सिंत्रातच पेन्या वेर्द नावाची खासगी वाडी आहे. विजरई (पोर्तुगीज व्हाइसरॉय) जुआंव द कास्त्रूची. तिथे सोमनाथचा एक संस्कृत शिलालेख होता, वाघेला राजा सारंगदेवाच्या काळचा, तेराव्या शतकाच्या शेवटचा. पुढे अभ्यासकांनी तो 'सिंत्रा प्रशस्ती' या नावानेच छापला. वाडी लोकांना खुली नाही, पण रस्त्यावरून जाताना तिची भिंत बाबांना दाखवा.

अवनी_ठाणे

व्हिसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. शेंगेन अल्पकालीन व्हिसा, प्रौढांना ९० युरो शुल्क, वर अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मेमध्ये जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीतच तारीख मिळवा, सुट्टीच्या हंगामात तारखा संपतात. ३०,००० युरोंचा प्रवास-वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. बाबांच्या वयाला प्रीमियम वाढतो, शिवाय आधीपासूनचे आजार विम्यात धरले आहेत का ते वाचा. निवृत्तिवेतनाचे कागद, बँकेची विवरणपत्रं आणि खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनमध्ये शिरताना बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, त्यामुळे विमानतळावर रांग लांबते. आईंसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. चालता येत असलं तरी मागा, तिघांचाही उभं राहायचा त्रास वाचतो.

तुळसअंगण

मी वसईचीच, पापडीची. सुरुचि, तुझे बाबा कोण ते मी ओळखलंय बहुधा, पण इथे नाव घेत नाही. एक गोष्ट राहिली. कॅथेड्रलच्या खालच्या बाजूला सांत आंतोनियूचं छोटं चर्च आहे. संत अंतोनी म्हणजे आपण पादुआचा म्हणतो तो, पण त्याचा जन्म लिस्बनचा, त्याच जागचा असं मानतात. वसई किल्ल्यातलं फ्रान्सिस्कन चर्च त्याच्याच नावाचं. ज्याच्या नवसाला आमच्या आळीतल्या सगळ्या जातीधर्माच्या बायका जातात, त्याचं घर. खाली तळघरात जाता येतं. १२ जूनच्या रात्री त्याचा सण असतो, अख्ख्या अल्फामात गल्लीगल्लीत सार्डिन भाजतात आणि लोक रात्रभर नाचतात. तुमची तारीख मेमधली असल्याने ते चुकेल, पण आईंना तिथे एक मेणबत्ती लावायला सांग. माझ्याकडूनही.

फिरस्ता_सातारा

एवढं वाचल्यावर माझं दोन दिवसांचं म्हणणं मी मागे घेतो. सुरुचि, आणखी एक सुचवतो, यात चढ नाही. कायश दू सोद्रेहून कासिल्याशला जाणारी बोट घ्या. दहा-पंधरा मिनिटं. आईंना नदी मिळेल आणि जहाजं शहराकडे कशी बघत येत असतील ते बाबांना दिसेल.

सुरुचि_म

आखणी अशी करतेय, चुकत असेल तर सांगा.

बायशात लिफ्टचं हॉटेल, सहा रात्री. पोचल्या दिवशी नुसता नदीकाठ आणि प्रासा दू कोमेर्सियू. मग मंगळवारी सांव विसेंत आणि मागचा बाजार, परतताना सांत आंतोनियू, कासा दुश बीकुश. बुधवारी सकाळी उघडायच्या वेळेला जेरोनिमुश, नंतर मनोरा आणि गोड. दुपारी काहीच नाही. गुरुवारी सिंत्रा, फक्त मोन्सेराट. शुक्रवारी रोसियू, सांव दोमिंगुश, सरकत्या जिन्याने वर शियादू आणि कार्मू. फिरस्तादादांची बोट त्याच संध्याकाळी. शनिवार मोकळा; बाबांना अभिलेखागार बाहेरून तरी बघायचंय, आईला मंदिर.

फादूची, म्हणजे तिथल्या पारंपरिक गाण्यांची, एक संध्याकाळ ठेवू का? आईला गाणं आवडतं, पण उशिरापर्यंत बसवत नाही.

नदीपलीकडे

आखणी चांगली आहे. दोन बदल सुचवतो. अभिलेखागार शनिवारऐवजी शुक्रवारी सकाळी घ्या, शनिवार-रविवारी सरकारी कचेऱ्यांत काही मिळणार नाही. रोसियू-कार्मू शनिवारी चालेल. दुसरं, पोचायचा दिवस सोमवार धरलाय ते बरोबर आहे, कारण सोमवारी मठ आणि बरीच सरकारी संग्रहालयं बंद असतात. ६५ वर्षांवरच्यांना तिकिटात सवलत मिळते बऱ्याच ठिकाणी, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्टाची प्रत जवळ ठेवा.

फादू नक्की ऐकवा. जेवणासकटचे मोठे कार्यक्रम उशिरा संपतात आणि त्यात शाकाहारी ताट मिळवायला झगडावं लागतं. शियादूत संध्याकाळी सातच्या सुमाराचे, जेवणाशिवायचे, तासाभराचे कार्यक्रम असतात. नुसते दोन गिटार आणि गाणारं माणूस. दिवे मंद झाले की बोलायचं नाही, चमच्याचाही आवाज करायचा नाही, ही तिथली रीत. गाणं संपल्यावर टाळ्या मनसोक्त. त्याची तिकिटं आधी काढा.

मांडवीकाठ

फादू ऐकणार असाल तर दुपारी अल्फामातल्या फादू संग्रहालयात अर्धा तास जाऊन या, उतारावर नाही, नदीच्या बाजूला सपाटीवर आहे. आमालिया रोद्रीगिशचा आवाज आईंना आधी तिथे ऐकवा. शब्द कळले नाहीत तरी आमच्या गोव्याची मांडो गाणी ऐकलेल्या माणसाला तो सूर ओळखीचा वाटतो.

आणि आलात की इथेच लिहा. विशेषतः त्या हत्तींबद्दल बाबा काय म्हणाले ते.

सुरुचि_म

नक्की लिहीन. शुक्रवार-शनिवार अदलाबदल केली. व्हिसाच्या तारखेसाठी उद्या सकाळी बसते. तुळसअंगण, मेणबत्ती दोन लावू, एक तुझी.